खुंटीला दोन वेढे

तळ्यावर मुलांना शिडाची होडी शिकवणाऱ्या मास्तरांचा एकच नियम होता. शिडाचा दोर हातात धरायचा, खुंटीला बांधायचा नाही. वाऱ्याचा झोत आला की हातातला दोर चटकन सैल सोडता येतो. बांधलेला सोडवेपर्यंत होडी पालथी. चाळीस वर्षं त्यांनी हे पोरांच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं. दोर बांधला म्हणून सख्ख्या पुतणीलाही नापास केलं होतं. चौदा वर्षांची पोर ओक्साबोक्शी रडली, भावानं वर्षभर अबोला धरला, पण मास्तर बधले नाहीत.

आज तीच पुतणी परीक्षक होऊन त्यांच्यासमोर होडीत बसली होती. सत्तरी उलटलेल्यानं मुलांना पाण्यावर न्यायचं तर आधी परीक्षा द्यायची, असं नवीन निघालं होतं.

"वारा फार आहे, काका. उद्या घेऊ या का?"

"तुला नाक पुसता येत नव्हतं तेव्हापासून हा वारा खातोय मी. बस गुमान."

मास्तरांच्या उजव्या हाताची दोन बोटं हिवाळ्यापासून मिटत नव्हती. शर्टाची बटणं बायको लावून द्यायची. तिला त्यांनी तोंड उघडायचं नाही म्हणून बजावलं होतं.

पहिली फेरी झकास झाली. होडी कलली की मास्तर पाठ बाहेर झोकून देत, अंगावर पाणी उडालं की हसत. पुतणीही हसली. "अजून तसेच आहात!"

परतताना वारा वाढला. दोर बोटांतून निसटू लागला. डावा हात सुकाणूवर अडकलेला. पुतणी मान खाली घालून काहीतरी लिहीत होती. क्षणभरच, असं मनाशी म्हणत मास्तरांनी दोराला खुंटीवर दोन वेढे दिले.

तेवढ्यात झोत आला. होडी आडवी झाली, पाणी काठावरून आत घुसलं. मास्तर खुंटीशी झटत होते, पण वेढा सुटेना. पुतणीनं झेप घालून दोर ओढून सोडवला. शीड फडफडलं, होडी सावरली.

पुतणीनं ओला कागद गुडघ्यावर पुसला आणि पुन्हा पेन उचललं.

"तू पाहिलंस, मी पाहिलं. तिसरं कोणी नव्हतं," मास्तर पुटपुटले.

"उद्या यात चार मुलं बसतील, काका."

"सूड उगवतेस?"

तिचे डोळे भरले, पण पेन थांबलं नाही. "मुलांना लाइफ जॅकेटं वाटायला माणूस हवाय आम्हाला," ती हळूच म्हणाली.

"ठेव तुझी भीक तुझ्यापाशी."

काठावर मुलं ताटकळली होती. पुतणी होडी बांधू लागली तशी सगळ्यांत लहान मुलगी जॅकेट घालून मास्तरांपुढे येऊन उभी राहिली. सवयीनं ते वाकले आणि तिच्या गळ्याखालचं बक्कल धरलं. एकदा दाबलं, दोनदा दाबलं. लागेना.

"राहू द्या, आजोबा," ती म्हणाली, "मला येतं." तिनं बक्कल टचकन लावलं आणि ती होडी बांधणाऱ्या ताईकडे पळाली.