लतीफाबीच्या पेशीतला मी

मी के-रास. नाव परकं वाटेल, पण मी तुमच्याही अंगात आहे, पेशीच्या आतल्या कडेला चिकटून. मी एक प्रथिन आहे. बाहेरून वाढीचा निरोप आला की तो मी आत पोचवतो, एका पेशीच्या दोन होतात, आणि मग मी गप्प बसतो. तुमच्या बोटाची जखम भरते ती अशाच कामांमुळं. आम्हा प्रथिनांचं आयुष्य छोटं. एक झिजला की त्याच नकाशावरून, म्हणजे जनुकावरून, दुसरा घडतो. म्हणून मी 'मी' म्हणतो तेव्हा माझ्या आधीचे आणि नंतरचे सगळेच त्यात आले.

मी ज्या अंगात घडलो ते लतीफाबी मनियारचं. केनवडच्या बाजारात ती बांगड्या भरायची. समोरच्या बाईचा हात हळूच दाबून धरला की घट्ट बांगडीसुद्धा न फुटता मनगटावर उतरायची. बायका तिच्यापुढं बसून सासर-माहेरचं सगळं बोलून मोकळ्या व्हायच्या. ती ऐकून घ्यायची, आणि बाजारातलं बाजारातच ठेवायची. नवरा रज्जाक आसपासच्या गावांना माल पोचवायचा. मुलगी आरजू बाजाराच्या दिवशी आईशेजारी बसायची.

लतीफाबीच्या स्वादुपिंडातल्या एका पेशीत माझ्या नकाशाची नक्कल होताना चूक झाली. माझी घडण मण्यांच्या लांब माळेसारखी असते. तिच्यातला एक मणी बदलला. कशामुळं, ते मलाही ठाऊक नाही. तिनं तंबाखूला कधी बोट लावलं नव्हतं. पण तेवढ्यानं माझं गप्प बसणं संपलं. निरोप नसतानाही मी 'वाढ, वाढ' म्हणत राहिलो. पुढं अशी वाढ रोखणारे पेशीतले राखणदारही एकेक करून बिघडले. बाहेर मात्र कितीतरी वर्षं कुणाला काही कळलं नाही.

आधी तिची पाठ दुखायला लागली. दिवसभर मांडी घालून बसल्यानं दुखत असेल, असं ती म्हणायची. मग जेवण कमी झालं. एकदा गोमतीबाई, तिचं जुनं गिऱ्हाईक, बांगड्या भरून घेताना थबकली आणि म्हणाली, "लतीफाबी, तुह्याच बांगड्या कोपराकडं चालल्या व." लतीफाबीनं हसून बांगड्या खाली ओढल्या. पुढच्या बाजारापर्यंत तिचे डोळे पिवळे झाले होते.

वाशिमला सोनोग्राफी झाली आणि तिथून त्यांना नागपूरला पाठवलं. गाठीचा तुकडा तपासून आला तेव्हा डॉक्टरबाईंनी आधी रज्जाकला आणि आरजूला बाहेर बोलावलं. दोघं परत आले ते डोळे पुसूनच. आतड्याला सूज आहे, असं त्या दोघांनी लतीफाबीला सांगितलं. तिनं मान हलवली. पण जिचा जन्म लोकांचे चेहरे बघण्यात गेला होता, तिला ते काय पटणार? दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई खाटेपाशी आल्या तेव्हा तिनं त्या दोघांसमोरच विचारलं.

"म्याडम, हे मले सूज सांगून राह्यले. तुमी खरं सांगा."

डॉक्टरबाईंनी रज्जाककडं पाहिलं. त्यानं मान खाली घातली. मग त्यांनी सगळं सांगितलं. कॅन्सर आहे, यकृतात पसरला आहे, ऑपरेशन होणार नाही. त्यांनी माझंही नाव घेतलं. औषध करणारे कितीतरी वर्षं माझ्यापुढं हरत आले, कारण माझं अंग गुळगुळीत, औषधाला पकडायला धड खाच नाही. आता कुठं माझ्या या रूपावरची काही नवी औषधं माणसांवर तपासली जात आहेत, असं त्या म्हणाल्या.

"मंग ते द्या न," रज्जाक म्हणाला.

त्यांनी आधीच चौकशी केली होती. तिचं यकृत इतकं बिघडलं होतं, अंगात ताकद इतकी कमी होती, की त्या चाचणीत तिला घेत नव्हते.

मग त्यांनी एक गोष्ट मागितली. काविळीसाठी पित्ताच्या वाटेत नळी घालायचीच होती. त्याच वेळी गाठीचा आणखी एक तुकडा घेऊन प्रयोगशाळेत वाढवू द्याल का? त्यात थोडा धोका आहे आणि तुम्हाला त्याचा काही उपयोग होणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

"दवा द्याले नाई, अन् तुकडा पायजे?" रज्जाक म्हणाला, आणि खिडकीकडं तोंड करून उभा राहिला. आरजूही नको म्हणाली. अम्मीला आणखी टोचायचं नाही, एवढंच ती बोलत राहिली.

लतीफाबीनं डॉक्टरबाईंकडं मान वळवली.

"माही मोठी बहीण अशीच पिवळी पडून गेली," ती म्हणाली. "कोनी नजर म्हनलं, कोनी कावीळ म्हनलं. काय झालं व्हतं, आजवर समजलं नाई. घ्या म्याडम तुकडा. मायं तरी समजू द्या."

रज्जाक वळला नाही. पण त्यानं पुन्हा नकारही दिला नाही.

नळी घातली, तुकडा घेतला, आणि ते केनवडला परतले. डोळ्यांचा पिवळेपणा उतरला. बाकी काही उतरलं नाही. आरजू चमच्यानं पाणी पाजायची. पोटातली कळ पाठीत जायची तेव्हा लतीफाबी उशी दातांत धरायची, आणि मी आत वाढतच होतो. एका दुपारी श्वास थांबला. तिला गुसल, म्हणजे शेवटची आंघोळ, देताना बांगड्या फोडाव्या लागल्या नाहीत. हात उचलला, तशा त्या आपसूक उतरल्या.

तिच्या अंगातला मी तिच्यासोबत मातीत गेलो. पण त्या तुकड्यातला मी अजून आहे. एका काचेच्या ताटलीत, उबदार कपाटात वाढतो आहे. जिनल नावाची संशोधक माझ्यावर औषधं घालून बघते. एक औषध मला बिलगलं होतं. पेशी मंदावल्या, कित्येक मेल्या. जिनलनं मैत्रिणीला ते बघायला हाक मारली. पण उरलेल्यांनी दुसरी वाट शोधली आणि ताटली पुन्हा भरली. जिनलनं चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि त्या दिवशी पुन्हा लावला नाही.

मध्यंतरी आरजूनं डॉक्टरबाईंना फोन केला होता. आता बाजारात तीच बसते. अम्मीच्या तुकड्याचं काय झालं, तिनं विचारलं. त्या पेशी अजून वाढत आहेत, काम चालू आहे, असं बाईंनी सांगितलं.

"म्हंजे अम्मी थोडी तरी जित्ती हाय तिथं," आरजू म्हणाली.

बाईंना तिचं ते समाधान मोडवलं नाही. त्यांनी हे जिनलला सांगितलं, आणि तिनंही ते तसंच राहू दिलं.

म्हणून मी सांगतो. आरजू, काचेत वाढतंय ती तुझी अम्मी नाही. तो मी आहे. आणि जिनलताई, चष्मा लावा. मला स्वतःहून थांबता येत नाही.