स्प्रिंग ढिली आहे

"नववीत शाळा सोडलेल्यानं माझ्या रेडिओला हात लावायचा नाही! कळलं रे?"

शेषगिरींनी मुलाच्या हातातला रेडिओ, म्हणजे विमानाचा रिमोट, ओढला. अक्षतनं सोडला नाही. दोघांच्या मध्ये जेवणाच्या टेबलावर छोटं मॉडेल विमान ठेवलेलं, पुढचा पंखा काढून.

"शाळा सोडली अप्पा, डोळे नाही सोडले."

"उलट बोलू नको. सेटिंग होतं तसं कर, आत्ताच्या आत्ता. चारला सुधींद्र विमान बघायला येतोय."

सुधींद्र म्हणजे मॉडेल विमानं उडवणाऱ्यांच्या क्लबचा सेक्रेटरी. गेल्या रविवारी आवडी गावच्या मैदानावर अप्पांचं विमान दारू प्याल्यासारखं झुलत गेलं, तेव्हा तो सगळ्यांदेखत म्हणाला होता, "पुढच्या वेळी एकदा सरळ उडवून दाखवा सार. नाहीतर खुर्ची टाकतो, बसून बघा." अप्पा घरी येऊन आठवडाभर एकच सांगत होते, स्टिकची स्प्रिंग ढिली झालीय.

अक्षत मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. त्यानं काल रेडिओ खोलून पाहिला. स्प्रिंग एकदम टाइट होती.

आणि दोन महिने झाले, अप्पा कॉफी नुसत्या टंबलरमधून पितात, खालची पसरट वाटी, तो डवरा, घेत नाहीत. "कशाला? धुवायला एक भांडं जास्त." त्याआधी काही दिवस तो टंबलर डवऱ्यात कसा कटकट वाजायचा, ते घरात फक्त अक्षतनं ऐकलं होतं.

"बोल की! आता तोंड शिवलं का?"

एक शब्द पुरला असता. शाळेचे टोमणे, बाहेरून द्यायच्या परीक्षेचा फॉर्म, 'दुकानातला पोरगा', सगळं एका झटक्यात फिटलं असतं. शब्द अगदी जिभेवर होता. अक्षतनं अप्पांच्या उजव्या अंगठ्याकडे पाहिलं.

"स्प्रिंग ढिली आहे," तो म्हणाला. "म्हणून स्टिक मधे असताना मऊ केलंय. थोडं हललं तरी विमानाला कळणार नाही. मुद्दाम ढकललं तरच वळेल. हा स्विच वर, की तुमचं जुनं. खाली, की माझं."

त्यानं हात काढून घेतला.

अप्पांनी रेडिओ चालू केला, मग विमानाची बॅटरी जोडली. स्विच वर. अंगठा स्टिकवर ठेवला, तशा पंखांच्या मागच्या पट्ट्या थरथरायला लागल्या. स्विच खाली. अंगठा तसाच थरथरत होता. पट्ट्या गप्प.

परत वर. परत खाली.

मग अप्पांनी अंगठा स्टिकवरून काढला.

"स्प्रिंगच," शेवटी म्हणाले.

"हो. स्प्रिंगच."

"राहू दे असंच." स्विच खालीच होता. मग आवाज चढला. "पण फॉर्म भरायचा म्हणजे भरायचा!"

"नाही भरणार."

"डेय!"

"ओरडा. नाही भरणार."

अक्षतची आई अंबुजा आतून कॉफी घेऊन आली, नेहमीसारखा नुसता टंबलर. तिनं तो टेबलावर ठेवला. अप्पांनी त्याच्याकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"डवरा कुठंय गं? डवरा दे."

तिनं आणून दिला. अप्पांनी टंबलर त्यात ठेवला आणि दोन्ही उचलले. कटकट कटकट वाजायला लागलं. त्यांनी लपवलं नाही.

"काय बघतोस?"

"काही नाही." अक्षतनं चपला शोधल्या, एक उलटी पडली होती. "दुकान उघडायचंय. मला आता निघायला हवं."