अक्कांच्या कमरेला मानवेल एवढी हवा

“चाळीस म्हणजे चाळीस. एक कमी न्हाय, एक जास्त न्हाय.”

आमचे हे मागच्या चाकाशी उकिडवे बसून हवा मोजत होते आणि मी चहाचा कप धरून उभी होते. बँकेतून निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थयात्रेला निघतात. यांनी चारही चाकांनी ओढणारं दोन टनी गाडीचं धूड दारात आणून उभं केलं. तेव्हापासून आमच्या घरात देवाच्या खालोखाल टायरच्या हवेचं नाव घेतलं जातं.

धूड घेतलं ते मात्र अक्कांसाठी. अक्का म्हणजे यांच्या थोरल्या बहीण. आई लवकर गेल्यावर यांना त्यांनीच वाढवलं. खुब्याच्या ऑपरेशननंतर त्या दोन वर्षं आमच्याकडे कोल्हापुरात आहेत. त्यांचं घर गारगोटीच्या पुढं मळ्यात, आणि शेवटची वाट अशी दगडधोंड्यांची की साध्या गाडीचं पोट घासतं.

मागच्या महिन्यात पहिल्यांदा निघालो. अर्ध्या वाटेवरच्या बिद्रीपर्यंत गेलो असू. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता उखडलेला, प्रत्येक खड्ड्याला अक्का दात आवळून बसायच्या. शेवटी यांना म्हणाल्या, “गोमट्या, गाडी फिरीव.” घरी आल्यावर चार दिवस कंबर शेकत पडल्या. त्याआधी रोज सकाळी “मळ्याकडं पाऊस झाला का?” असं विचारणाऱ्या अक्कांनी मळ्याचं नावच टाकलं. मला त्याचीच धास्ती वाटली. माणूस कुरकुरतो तोवर बरं असतं.

फार आर्जवं केल्यावर आज तयार झाल्या होत्या. तेही अटीवर. “एकदाच येतो. दुखलं तर गाडी इकायची, आन् मला परत मळ्याचं इचारायचं न्हाय.”

आणि हे परत चाळीसवर अडून बसलेले.

“पण चाळीस सांगितलं कुणी?”

“हंबीररावांनी. जड गाडी हाय, चाळीस मारा, विषय संपला म्हणाले.”

हंबीरराव म्हणजे शेजारी. त्यांचीही अशीच गाडी, त्यामुळे त्यांचा शब्द म्हणजे आम्हा जैनांच्या घरात शास्त्रातला आगमच. मी चहाचा कप बॉनेटवर ठेवला आणि चालकाचं दार उघडलं. दाराच्या चौकटीवर कंपनीची चिठ्ठी चिकटवलेली असते, ती चष्मा लावून वाचली. दोन चित्रं होती. एकात तीन माणसं, दुसऱ्यात पाच माणसं आणि बॅगा. चाळीसचा आकडा पाच माणसांपुढं होता. तिघांपुढं होता तेहतीस.

“अहो, रविवारी पाठशाळेत पोरांना अनेकांत शिकवता ना? एकाच वस्तूला बाजू अनेक, म्हणून? मग हवेलाच तेवढा एक आकडा कसा?”

यांनी दोनदा चिठ्ठी वाचली. “म्हंजे हंबीरराव चुकले?”

“ते कशाला चुकतील? ते पाचजणांचं बिऱ्हाड आणि धान्याची पोती घेऊन फिरतात. आपण तिघंच, त्यात अक्का म्हणजे चिमणी. जास्त हवेनं चाक दगडासारखं होतं आणि खड्डा थेट त्यांच्या कमरेत जातो.”

हे हसले. मग चारही चाकांना तेहतीस करून आले आणि गार झालेला चहा एका दमात प्यायले.

बिद्री आली तेव्हा मी मागं वळून पाहिलं. अक्का खिडकीतून ऊस बघत होत्या. गाडी फिरवायचं नाव नाही. गारगोटीच्या पुढं डांबर संपलं तिथं यांनी गाडी थांबवली आणि चाकांतली हवा आणखी सोडली, बावीसपर्यंत. टायर जरासे पसरले.

“पंक्चर झाली व्हय रं?” अक्कांनी विचारलं.

“न्हाय अक्का, मऊ केली. आता बैलगाडीच्या चालीनं जायाचं.”

दगडांवरून गाडी डुलत चालली. बऱ्याच वेळानं मागून आवाज आला. “गोमट्या, आपन चाललोय न्हवं? का हुबाच हाईस?”

यांच्याकडून नाक ओढल्याचा आवाज तेवढा आला.

मळ्यात अक्का काठी टेकत सगळीकडं फिरल्या. गोठा पाहिला, शेवग्याला शेंगा कमी लागल्या म्हणून झाडाला बोल लावले, शेजारच्या घरातल्या पुतणसुनेला, स्नेहलला, भाकरी जाड होते म्हणून ऐकवलं. स्नेहल हसत होती. माझ्या घरी दोन वर्षांत अक्कांचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली आणि परतीच्या रस्त्यासाठी यांनी हवा भरायचा पंप काढला.

“अक्का, चला, चपला घाला,” मी म्हणाले.

अक्का पायरीवर बसल्या होत्या. “मी ऱ्हातो हितं,” त्या म्हणाल्या. “तुमी जावा.”

“आन् बघणार कोण तुला?” यांनी विचारलं.

“मी हाय की,” स्नेहल दारातून म्हणाली. “रात्रीला बी हितंच झोपतो.”

“कंबर दुखली तर?”

“न्हाय दुखली आज,” अक्का म्हणाल्या. “उद्या दुखली तर बोलवीन. तुझी गाडी येती की आता हितवर.”

हे पंप उचलून चाकांकडं वळले. मला फार आनंद झाला होता आणि रडूही येत होतं.

हे पुढची दोन चाकं भरून मागं आले, खाली बसले आणि पंपाची नळी लावली.

“अगं,” खालच्या आवाजात म्हणाले, “मागच्या शिटावर आता कोण न्हाय. ह्यात किती भरू?”

“अक्का बसल्यात असं समजून भरा,” मी म्हणाले.