थंडी खालून येते

विजयमालाने पाण्याचा पाइप अंगणात सोडला, तेव्हा केसरबाई कडुलिंबाच्या खोडाला दोर आवळत होती. पाणी वाहत तिच्या पायांपर्यंत आलं. तिने लुगडं वर खोचलं आणि दुसरी गाठ मारली.

‘धूळ लई उडायली,’ विजयमाला म्हणाली. कुणाला, ते कळलं नाही. अंगणात दोघी जावा सोडून तिसरं कुणी नव्हतं.

पौषातल्या संध्याकाळी धूळ उडत नाही, हे दोघींनाही माहीत होतं. अंगण ओलं केलं की जमिनीवर अंथरूण टाकता येत नाही, हेही.

चकलांब्यातल्या त्या घराला अंगण एक आणि दारं दोन. डावीकडची खोली केसरबाई आणि त्रिंबकची, उजवीकडच्या दोन खोल्या त्याचा धाकटा भाऊ गहिनीनाथ आणि विजयमालाच्या. दिवाळीच्या तोंडावर त्रिंबक गेला. तेरावं झाल्यावर लेक वैष्णवी आईला चार दिवस पुण्याला घेऊन गेली. केसरबाई परत आली तर डाव्या दाराला नवं कुलूप, आणि आत आढ्यापर्यंत सोयाबीनची पोती. गहिनीनाथ ओट्यावरून उठून उभा राहिला होता. वहिनीचा मान त्याने कधी मोडला नव्हता.

‘वैनी, तुमाला काय कमी हाय? एकुलती लेक हाय, जावई नोकरीवाला हाय. हितं कावून हाल सोसताव?’

अहो-जाहो करून माणसाला घराबाहेर काढता येतं, हे केसरबाईला त्या दिवशी कळलं.

सरपंच येऊन चहा पिऊन गेले. घरातलं घरात मिटवा म्हणाले. केसरबाईने मात्र एक हिशेब पक्का केला होता. एकदा का ती यष्टीत बसली, की लोक ‘त्रिंबकची खोली’ म्हणायचं सोडून ‘गहिनीनाथचं कोठार’ म्हणायला लागतील. मग कागदसुद्धा लोकांचंच ऐकतील. तेव्हा अंगण सोडायचं नाही.

अंगणातली बाज दिराने आत ओढून घेतली. तिला न्यायला आलेल्या लेक-जावयाला तिने रिकाम्या हाताने परत पाठवलं. जावई, सोमनाथ, सुट्टी मिळाली की गडकिल्ले हिंडणारा. जाताना त्याने गाडीतून मुठीएवढी पुरचुंडी काढून दिली. उलगडली तर माणूस मावेल एवढी नायलॉनची झोळी. दोन खोडांना बांधा आणि झोपा, म्हणाला. एक टोक कडुलिंबाला आणि दुसरं गोठ्याच्या मेढीला बांधून केसरबाई त्यात शिरली, तेव्हा शेजारची भिवराबाई कुडावरून बघून पदराआड हसली होती. नातवाला टांगायच्या वयात स्वतःच टांगून घेतलंस, म्हणाली.

हसण्याने काही होत नव्हतं. थंडीने होत होतं. केसरबाईकडे एकच गोधडी होती. परक्याच्या अंथरुणावर तिला झोप येत नसे, म्हणून ती पुण्याला बरोबर नेलेली, आणि म्हणूनच कुलपातून वाचलेली. बाकीची सगळी पोत्यांमागे. गोधडी तिने झोळीत अंगाखाली घेतली, अंगावर आठवडी बाजारातलं सगळ्यात स्वस्त ब्लँकेट, वाघाचं तोंड छापलेलं. तरी पहाटेपर्यंत पाठीचं लाकूड झालं. वाघ वरून राखण करत होता आणि थंडी खालून येत होती.

तिने जावयाला फोन लावला. तो म्हणाला, ‘आई, वजनाखाली दाबली गेली की गोधडीतली ऊब मरते. ती झोळीच्या बाहेरून, खालच्या अंगाला टांगा. सैल. मध्ये हवा कोंडली पाहिजे.’

पांघरूण अंगापासून लांब टांगायचं, हे तिला पटलं नाही. पण पाठीने आणखी एक रात्र ऐकलं नसतं. तिने गोधडीची दोन्ही टोकं चुण्या घालून सुतळीने आवळली आणि झोळीखाली लोंबती सोडली.

सकाळी गहिनीनाथ दात घासत बाहेर आला आणि झोळीचं लोंबतं पोट बघतच राहिला.

‘वैनी, म्हैस कवा व्याणार?’

‘तुमी कुलूप काढलं की,’ ती झोळीतूनच म्हणाली. एवढ्या थंडीत तिला उबेने घाम आला होता.

मग मात्र हसणं बंद झालं. गहिनीनाथने चहाच्या टपरीवर सांगून ठेवलं होतं, की संक्रांतीच्या आत थंडीच वहिनीला पुण्याला नेईल, आपल्याला बोट लावायची गरज नाही. आणि वहिनी तर उन्हं अंगावर येईपर्यंत घोरत होती.

दोन दिवसांनी केसरबाई ज्वारी दळून गिरणीवरून आली. उन्हं उतरली होती. झोळीखाली पाण्याची धार लागली होती. गोधडी भिजून जवळजवळ जमिनीला टेकलेली. विजयमालाच्या हातात पाइप होता. आज धुळीचं नावही तिने काढलं नाही.

‘गेवराईची यष्टी अजून गेली न्हाई, वैनी,’ ओट्यावरून गहिनीनाथ म्हणाला.

केसरबाईने पिठाचा डबा दगडावर ठेवला. सुतळ्या सोडल्या. एक टोक पायाखाली धरून तिने पीळ घालून पाहिला. तीन लुगड्यांचे थर आणि वर्षानुवर्षं घातलेली ठिगळं पाणी पिऊन बसली होती. गोधडी धुवायला एक बाई पुरते, पिळायला दोन लागतात. दर साली घटस्थापनेच्या आधी घरातल्या सगळ्या गोधड्या विहिरीवर निघायच्या. एका टोकाला केसरबाई, दुसऱ्या टोकाला विजयमाला, ती लग्न होऊन आली तेव्हापासून.

तिने एक टोक उचललं आणि जावेपुढे केलं.

‘विजे, धर.’

विजयमालाने नवऱ्याकडे बघितलं.

‘ऱ्हाऊ दे,’ तो म्हणाला.

 विजयमालाच्या हातातून पाइप खाली पडला आणि तिने टोक धरलं. समोरासमोर उभं राहून दोघींनी आपापल्या उजवीकडे पीळ घातला. पाणी आधी बदबदा पडलं, मग धारेने. गोधडी आखडत गेली तशा दोघी जवळ आल्या. ओट्यावरचं दार आपटलं. गहिनीनाथ आत गेला होता.

‘आक्का, मी उद्या बी पाणी मारीन,’ विजयमाला खाली बघत म्हणाली. ‘मला मारावं लागंल.’

‘मार,’ केसरबाई म्हणाली. ‘आन अजून एक पीळ घाल. तुज्याकडनं ढिला हाय.’

फाट्यावर यष्टीचा हॉर्न वाजला आणि विरून गेला. शेवटचे थेंब गळून संपले, तरी दोघींनी टोकं सोडली नाहीत. एकीनेही हात काढला असता, तर पीळ गरकन उलटा फिरून गोधडी चिखलात पडली असती.