ढोलाच्या तोंडावरचं शेपूट

मी एक जुना ढोल आहे. बँडमधला. गळ्यात पट्टा अडकवून पोटावर घ्यायचा आणि दोन्ही तोंडांवर काठी हाणायची, तो मोठा ढोल.

माझा जन्म कर्जतच्या बाजारातला. एका म्हाताऱ्या कारागिरानं लाकडाची फळी वाकवून कडं केलं, दोन्ही बाजूंना बकऱ्याचं कातडं ताणलं आणि उन्हात तापवून मला एक टिचकी मारली. मी असा काही घुमलो, की शेजारच्या वाण्याची मांजर पोत्यावरून उडी मारून पळाली. मित्रांनो, ती माझी पहिली शाबासकी.

मला घेतलं शेलूच्या काळूरामानं. तो ट्रंपेट वाजवायचा. त्याचे बाप-आजेही वाजवायचे, पण त्यांना कोणी नाव घेऊन बोलावत नसे. "वाजवायला या रे" असा नुसता हुकूम यायचा आणि वाजवून झालं की उरलंसुरलं पदरात पडायचं. छप्पन सालानंतर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्या घरानं ते वाजवणं सोडलं. वाद्यं माळ्यावर गेली. पुढं बऱ्याच वर्षांनी काळूराम म्हणाला, "वाजवायचं तर हाय, पन हुकमावर नाय. सुपारी घेऊन, आपल्या नावानं." म्हातारी आई आधी रुसली. मग म्हणाली, "घाल तर नाव मोठ्या अक्षरात घाल."

त्या नावाला जागा माझ्याच तोंडावर होती. पण घोळ असा, की नेरळात आधीच एक काळूराम बँडवाला होता. आता आपलं नाव तर बदलायचं नाही. म्हणजे सगळी भिस्त नावापुढच्या शेपटावर!

मला वाजवणारा चांगो म्हणाला, "दादा, 'अँड पार्टी' लाव. पार्टी म्हटल्यावर लोकं जेवाय तरी घालतील."

काळूरामची बायको येसूबाई तांदूळ निवडता निवडता बोलली, "आदी वाजवा तरी. शेपूट बगून बैल घेत्यात व्हय?"

पण ऐकतंय कोण! नेरळहून कमळाकर पेंटर आला आणि माझ्या दोन्ही तोंडांवर 'काळूराम अँड पार्टी' उमटलं. आठवडा झाला नाही तोच एक गिऱ्हाईक नाक मुरडून गेलं, "पार्टी म्हणजे तमाशा वाटतो हो. आमचे पाहुणे कल्याणचे आहेत." कमळाकरनं वर पांढऱ्या तेलरंगाचा हात मारला आणि 'ब्रास बँड' केलं. मग मिरवणुकीची मंडळी आली. त्यांना 'कलापथक' हवं होतं. शाळेच्या स्नेहसंमेलनवाल्यांना 'वादक मंडळ'. दर वेळी पांढरा हात, वर लाल अक्षरं, अक्षरांना निळी सावली. शेवटी उरलेल्या जागेत कमळाकरनं हौसेनं एक मोरही काढला. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला फार मजा वाटायची. येणारा जाणारा माझ्याकडे बघत उभा राहायचा. रंग ओला म्हणून तालमीला मात्र मला कोणी हात लावत नव्हतं.

पहिली सुपारी आली कुंभिवलीची. लग्नाची वरात, आणि गाव येसूबाईचं माहेर! टेंपोत बसताना काळूराम सगळ्यांना म्हणाला, "आज वाजलो तर मोसमभर सुपाऱ्या. नाय वाजलो, तर लोक म्हनतील, यांना हुकूमच बरा व्हता."

नवरदेव घोड्यावर बसला. ट्रंपेट कडाडली. चांगोनं काठी उचलली आणि सगळा जीव लावून मला हाणली.

थप!

पुन्हा हाणली. थप! अंगावर एवढे रंगाचे थर, मी घुमणार कुठून?

"काय रं," नवरदेवाचा काका ओरडला, "ढोल वाजवतोस का गोधडी झोडतोस?" वरात खो खो हसली. काका तेवढ्यावर थांबला नाही. "हमरस्त्यावरनं गाडी पाठवा. नेरळचा तो दुसरा काळूराम बोलवा. खरा!"

काळूरामच्या तोंडची ट्रंपेट खाली आली. तेवढ्यात गर्दीतून येसूबाई आली, चांगोच्या गळ्यातून मला ओढलं आणि मांडवामागं आचाऱ्याच्या चुलीकडं नेलं. तिची आत्या, गौराबाई, धावत आली. "येसे, नवं लुगडं नेसून काय करतीस गं?"

"याचं थोबाड धुतीया, आत्ये. रॉकेल आन, नि करवंटी दे."

रॉकेलचा बोळा आणि करवंटीची धार. आत्या-भाची माझ्यावर तुटून पडल्या. मोर गेला, मंडळ गेलं, पथक गेलं, बँड गेला, पार्टी गेली. नावही निघायला लागलं, तसा चांगो कळवळला, "वैनी, दादा पुसला!"

"दादा तिकडं उबा हाय ना? आनी एक कशाला?"

मग मला कोरड्या फडक्यानं खसखसून पुसलं, चुलीपासून लांब धरून शेकलं आणि दोऱ्या आवळल्या. कातडं ताठ झालं. अंगाला वारा लागला. येसूबाईनं बोटानं टिचकी मारली आणि मी "धुम्म" म्हणालो. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. रॉकेलचं असेल.

त्यानंतर जे वाजलो! घोडा बिथरला, मांडवाचे बांबू थरथरले आणि सगळ्यांत पुढं कोण नाचत होतं, तर तोच काका, टोपी फिरवत. रस्त्यावर एक ट्रकवाला गाडी थांबवून विचारायला लागला, "कुठला रं बँड?"

काळूराम सांगायला वळला. पण त्याच्या आधी कुंभिवलीच्या बायका एका सुरात ओरडल्या, "आमच्या येसूचा!"

"आनी मी कोन?" काळूराम बायकोकडं बघून म्हणाला.

"तुमी फुंका. थांबू नका!"

तेव्हापासून शेलूच्या स्टेशनावर उतरलेला माणूस "येसूचा बँड कुठं राहतो?" असंच विचारायचा. नेरळच्या काळूरामाशी घोळ पुन्हा कधी झाला नाही. कमळाकरनं तेच नाव माझ्या लाकडी कड्यावर लिहिलं. शेपूट काय लावू, असं त्यानं विचारलं, तेव्हा काळूराम हसून म्हणाला, "लोकांनी ठेवलंय तेवढंच लिव."

पुढं पुष्कळ वर्षं मी खालापुरापासून वांगणीपर्यंत लग्नं लावली. आता लाउडस्पीकर आले आहेत आणि मी समाजमंदिराच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला असतो. सणाला मला हारही घालतात.

मित्रांनो, नाव लिहायची हौस असेल तर कड्यावर लिहा. कातड्याला रंग लावू नका, ते बोलायला मोकळं ठेवा. आणि इकडं आलात, तर हार घालून परत जाऊ नका. मला खाली काढा, थोडं ऊन दाखवा आणि वाजवा. फार दिवस गप्प टांगून ठेवलं, की मलाच वाटायला लागतं, आपण शोभेसाठीच जन्मलो होतो.