कोपऱ्यातले तीन लाल टाके

धाकट्या जावेला एकदा वाटलं की वाटलं! मोबाइलवर फोटो सुधारायला शिकायचं म्हणाली आणि आठवड्याभरात अख्खं घर गोरं करून मोकळी झाली. नवऱ्याचं टक्कल असं काही उजळलं की तो म्हणाला, "अगं, मी आहे की दिवा?"

"शिकतेय ना! आईच्या पोटातून कुणी शिकून येत नाही," तिने ठणकावलं.

थोरल्या जावेच्या शाली विकायला ऑनलाइन दुकान काढलं तेही तिनेच. थोरले दीर गेल्यापासून थोरली खिडकीत बसून विणत असायची. त्या सुया होत्या म्हणून बाई सावरली होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

दीर गेल्यावर विणायला घेतलेली पहिली शाल राखाडी होती, ती नुकतीच पुरी झाली होती. धाकटीने फोटो काढला, उजेड वाढवला, रंग चढवला. कोपऱ्यात तीन लाल टाके दिसले. "हे काय लागलंय मेलं?" म्हणत तिने डाग पुसायचं मलमपट्टीचं चिन्ह दाबून बोट फिरवलं आणि टाके गायब! शाल लगेच विकली गेली, तेव्हा तिने घर डोक्यावर घेतलं.

आणि शाल परत आली. गिऱ्हाइकाने कळवलं होतं, 'फोटोत नसलेला लाल डाग शालीवर आहे.'

थोरलीने ते वाचलं, सुया डब्यात घातल्या, टोपलीतली उरलेली लोकर केरात टाकली. "माझ्या विणण्याला लोक डाग म्हणायला लागले. पुरे झालं आता."

"अहो जाऊबाई, पण ते टाके आहेत तरी कसले?"

"आधीच्या कामातली उरलेली लोकर असते ती. पहिले टाके मी त्याच धाग्याने घालते, म्हणजे नवं काम परकं वाटत नाही." तिने परत आलेल्या शालीवर हात ठेवला. "हिच्याआधी ह्यांचा लाल मफलर विणला होता."

धाकटीने कपाळावर हात मारला. भाऊजींच्या मफलरवर आपण बोट फिरवलं!

"डाग शालीला नाही, माझ्या अकलेला आहे," ती म्हणाली. "ते टाके फोटोतून मीच पुसले. आता निस्तरणारही मीच, बघाच तुम्ही."

दुसऱ्या दिवशी ती शाल मांडीवर घेऊन खिडकीशी बसली. नवा फोटो काढला. मांडीवरचा राखाडी आणि मोबाइलच्या पडद्यावरचा राखाडी एक होईपर्यंत रंग थोडा उतरव, थोडा चढव, असं चाललं. सुरकुत्या राहू दिल्या. मलमपट्टीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कोपऱ्याचा जवळून वेगळा फोटो घेतला आणि खाली ते टाके कसले ते लिहिलं.

दोन दिवसांनी एका बाईंनी विचारलं, 'तीच लाल टाक्यांची हवी. धुताना टाके निघणार नाहीत ना?'

धाकटीने ते मोठ्याने वाचून दाखवलं.

"सांग, नाही निघणार," थोरली म्हणाली. "तू बोट लावलं नाहीस म्हणजे झालं!"

दोघी पोट धरून हसल्या. हसता हसता थोरलीने डोळे पुसले आणि सुयांचा डबा उघडला.

"ती राखाडी लोकर उरली होती गं थोडी. मी मूर्खासारखी केरात टाकली."

धाकटीने कपाटातून छोटा गुंडा काढून तिच्या ओंजळीत ठेवला. "मी तेव्हाच उचलली होती. तुम्ही मागणार, हे काय मला ठाऊक नव्हतं?"

थोरलीने राखाडी धाग्याचे तीन टाके घातले आणि मग निळी लोकर जोडून घेतली.