तळ्याच्या पाळीवरची लोकसभा

पंचावन्न सालच्या दिवाळीत खासदार बापूजी गावात आला तो चोरासारखा. वडशाच्या स्टेशनावर लोक हार घेऊन उभे होते, तर हा पठ्ठ्या मागच्या डब्यातून उतरला, रूळ ओलांडून पसार झाला आणि थेट लटारूच्या अंगणात येऊन बसला.

"लटारू, मले बोलाचं हाय."

लटारू जाळं शिवत होता. "मंग बोल ना बे. तुहं तोंड कोनं बांधलं?"

"इथी नाई. तिथी. लोकसभेत."

लटारूनं सुई खाली ठेवली. हे दोघं एकाच ढिवरपुऱ्यातले, म्हणजे मासेमारांच्या वस्तीतले, एकाच तळ्यात पोहायला शिकलेले. बापूजी मॅट्रिक झाला, बेचाळिसात जेलात गेला, आणि बावन्नच्या निवडणुकीत लोकांनी त्याला दिल्लीला धाडलं. लटारू मासे मारत राहिला आणि फावल्या वेळात गावाची टवाळी करत राहिला. कोणाच्या लग्नात वरातीचा बैल उलटा जुंपला गेला, की लोक आधी लटारूला शोधायचे.

"तीन वर्षं झाले," बापूजी म्हणाला, "एक सबद बोललो नाई मी. हात वर करा म्हनलं का करतो. पन उभा राह्यलो का जीभ टाळूले चिपकते. तिथले लोकं मले मौनीबाबा म्हनतात. आता इलेक्शन आलं जवळ. पक्षातले इचारून राह्यले, मुक्या मानसाले परत तिकीट काऊन द्याचं?"

"बरोबर हाय त्याहीचं."

"तू कोनाकडून हायेस?"

"तुह्याकडूनच हावो बे. सांग, बोलाचं काय हाय?"

बापूजीनं सांगितलं. लोकसभेच्या या अधिवेशनात दोन बिलं येणार होती. एक बँकांवर देखरेख ठेवायचं, दुसरं विमा कंपन्यांवरच्या कराचं. दुसऱ्यावर बोलायला त्यानं नाव दिलं होतं. वडशाच्या गिरणीवाल्यांपासून शाळामास्तरांपर्यंत पुष्कळांनी विमा उतरवला होता, आणि त्यांचा प्रश्न एकच होता. कंपनीवर कर बसला, तर तो मालकाच्या नफ्यातून जाणार, का विमा उतरवणाऱ्याच्या बोनसातून?

"एवढंच?" लटारू म्हणाला. "चाल, उद्या पाळीवर लोकसभा भरवू."

दुसऱ्या दिवशी मासेमारी आटोपल्यावर तळ्याच्या पाळीवर, त्या उंच बांधावर, लोकसभा भरली. म्हातारी देवकाबाई अध्यक्ष झाली. हातात कपडे धुवायची मोगरी, समोर दगड. लटारूची बायको भागीरथा झाली मंत्री, कारण सरळ प्रश्नाला वाकडं उत्तर देण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं, असं लटारूचं म्हणणं. बाकी सगळे खासदार. दिल्लीत मेंबर लोक टेबल वाजवतात असं बापूजीनं सांगितलं, म्हणून प्रत्येकानं पुढ्यात मासळीची टोपली पालथी घातली.

बापूजी उभा राहिला. "माननीय अध्यक्ष..." आणि गप्प. घामाची धार कानामागून गळ्यात उतरली.

"मांगं आयकू नाई येऊन राह्यलं!" लटारू ओरडला.

"याची नक्कल चुकली! परदा पाडा!" दुसऱ्यानं दणका दिला.

देवकाबाईनं मोगरी आपटली. "चूप बसा रे मेल्याहो! बोल लेका बापू. आमी काय वाघ हावो का?"

बापूजीनं प्रश्न विचारला, पण सगळा कागदी भाषेत. कोणाला काही कळलं नाही. भागीरथा पदर सावरून उठली. "मेंबर साहेबाचा मुद्दा लय मोठा हाय. सरकार इचार करून राह्यलं. वेळ आली का सांगू." आणि बसली. पाळीवर हसून हसून लोक लोळले.

आता बापूजी चिडला. चिडला तसा त्याचा घाम आटला. "वहिनी, असं नाई चालाचं! आपन तळ्यातले मासे मारतो. ढीग लावतो, पळसाच्या पानावर वाटे टाकतो. तळ्याच्या ठेकेदाराले त्याचा वाटा द्या लागते. तो ढिगातून काढाचा का आमच्या पानावरून उचलाचा? सांगा! कंपनीचा मालक ढिगावर बसून हाय. सरकारनं हात घातला, तर तो मालक आपल्या पुढ्यातलं देईन, का गरिबाच्या पानावरची मरळ उचलून देईन?"

टोपल्या अशा वाजल्या की तळ्यातले बगळे उडाले.

बापूजी खुशीत खाली बसायला लागला, तर लटारू धावत आला. "बसतो काऊन? लोकाहीनं वाजवलं ना! वन्समोर हाय!"

"परत तेच बोलू?"

"तं? मंडईच्या जत्रेत रातच्या नाटकात पाहत नाई का? लोकं दणकावून राह्यले आन नट आत गेला, तर दुसऱ्या वर्षी त्याले कोन बलावते?"

"दिल्लीत बी तसंच असन?"

लटारूनं देवकाबाईकडं पाहिलं, देवकाबाईनं भागीरथाकडं. झाडीपट्टीत जन्मलेल्या, वन्समोरच्या नाटकांवर वाढलेल्या माणसाला यात शंका घेण्यासारखं काही दिसेना. "असनच ना," देवकाबाई म्हणाली. "मोठे मोठे लोकं उगाच टेबल बडवतीन का?"

मग रोज तालीम. वाजलं की पुन्हा, वाजलं की पुन्हा. बापूजी दिल्लीला गेला तेव्हा त्याचा आवाज तळ्याच्या पल्याड ऐकू जात होता.

पुढं एके दिवशी शाळेतल्या गुरुजींनी नागपूरचा पेपर वाचून दाखवला. विम्याच्या बिलावर बापूजी बोलला होता. पण मधेच कंसात छापलं होतं, सभागृहात हशा. थोड्या ओळींनी पुन्हा, प्रचंड हशा.

"हशा म्हंजे चांगला का वाईट?" लटारूनं विचारलं.

"माणूस कुठं उभा आहे त्यावर आहे," गुरुजी म्हणाले. "मंडईतले नाटकवाले मागच्या साली दिल्लीला जाऊन लोकसभा बघून आले, त्यांनी सांगितलं होतं मला. तिथं टेबल वाजवतात ते शाबासकी म्हणून. परत बोल म्हणून नाही."

आयुष्यभर लटारूनं लोकांच्या टोप्या उडवल्या, पण त्या सगळ्या परत डोक्यावर बसण्यासारख्या. ही तर तिकीटच घेऊन उडालेली दिसत होती. रात्री झिंग्याची भाजी समोर तशीच राहिली.

"लोकाच्या घरच्या भाकरीत मीठ तुमी टाकाचं, आन आता चव काऊन गेली म्हनून रडाचं," भागीरथा म्हणाली. पण ताट मात्र तिनं पुन्हा गरम करून आणलं.

अधिवेशन संपलं आणि बापूजी येतोय असं कळलं, तसा लटारू डोंगा घेऊन तळ्याच्या मधोमध जाऊन बसला. दुपारी पाळीवरून हाक आली.

"लटाऱ्या बे!"

"मी इथी नाई!"

"मंग डोंग्यात कोन हाय, तुहा बाप?"

बापूजीनं धोतर खोचलं, पाण्यात उडी घेतली आणि पोहत आला. डोंग्याच्या काठाला लटकून धापा टाकत म्हणाला, "वर घे. बुडवून राह्यला का दुसऱ्यांदा?"

लटारूनं त्याला आत ओढलं. तोंड वर करायची हिंमत होईना. "तिकीट गेलं?"

"आयक त आधी. मी उभा राह्यलो. डोळे मिटले, पाळ आठवली, आन हिंदीत सांगतला सारा मासोळीचा ढीग. लोकाहीनं टेबल वाजवले."

"मंग?"

"मंग काय? वन्समोर! माननीय अध्यक्ष महोदयपासून परत सुरू. सारे हासले. अध्यक्ष म्हनतात, मेंबर साहेब, हे झालं बोलून. मी म्हनलो, हो जी, पन लोकं मांगून राह्यले ना! तसे आनखी वाजवले."

"अरे देवा. तू तिसऱ्यांदा बोलला?"

"बोललो. आता कोनाले ठाव होतं बे!"

लटारूनं कपाळ धरलं. बापूजी ओल्या धोतरातून पाणी पिळत होता, आणि त्याच्या मिशा हलत होत्या. रडतो का हसतो ते कळेना.

"मंग उठले मंत्री. आपली भागीरथा वहिनी बोलली ना, तसंच. मुद्दा मोठा हाय, सरकार विचार करेल. बसाले गेले, तं मांगच्या बाकावरून एक बंगाली ओरडला, ढिगातून का पानावरून? मंग मद्रासकडचा एक. मंग आमच्याच पक्षाचे. साऱ्याहीले पाठ झालं होतं ना बे, तीनदा आयकून! सारं सभागृह एकच इचारून राह्यलं, ढिगातून का पानावरून. मंत्री परत उठले. म्हनले, विमेदाराच्या बोनसाले हात लागनार नाई, हे मी इथी उभा राहून सांगतो."

"इथी उभा राहून?"

"तसंच. लिहून घेतलं साऱ्याहीनं. पक्षाचे अध्यक्ष बाहेर भेटले, खांद्यावर हात ठेवला. म्हनले, इतके दिवस कुठी होता? सत्तावनले तूच हायेस."

लटारूनं श्वास सोडला तो इतका मोठा की डोंगा हलला. मग त्याला हसू आलं. आधी पोटात, मग खांद्यात, मग दोघंही डोंग्यात आडवे. डोंग्यात पाणी शिरलं तेव्हा कुठं भानावर आले.

"चाल," लटारू डोळे पुसत म्हणाला, "रातच्याले मरळ खाऊ. मले जाळं टाकू दे. आता चूप बैस."

"बसतो. फकस्त एक सांगतो," बापूजी म्हणाला. "ते बँकेवरच्या देखरेखीचं बिल पुढच्या खेपेवर ढकललं ना, त्याच्यात एक गोम हाय. तपासनीस बँक तपासतो, पन त्याले काय दिसलं, हे पैसे ठेवनाऱ्याले कोन सांगते? आता पाय, माननीय अध्यक्ष महोदय..."

तो उभाच राहिला, डोंग्यात, हात वर करून. आवाज पार पल्याडच्या सागबनापर्यंत गेला. होत्या नव्हत्या तेवढ्या मासोळ्या तळाच्या गाळात जाऊन बसल्या. लटारूनं तरी जाळं फेकलं, रिकामं ओढलं, आणि पुन्हा फेकलं. सूर्य सागाच्या मागं टेकेपर्यंत बापूजी बोलत होता आणि लटारू मधून मधून विचारत होता, "मंग? तपासनीस काय म्हनते?"